दस्त्यावरची ऊब

१

सव्वीस वर्षं ज्याने वस्तू मोडण्याचाच पगार घेतला, तो बंदूक घेताना घाई करेल असं ज्याला वाटलं, त्याने प्रताप घाटगेला ओळखलंच नाही. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये मोटारींच्या दारांच्या कड्या त्याच्या ताब्यात असत. कडी आधी मिठाच्या धुक्यात ठेवायची, मग गोठवायची, मग चिखलात बुचकळायची आणि लाखभर वेळा उघडमीट करून ती कधी दगा देते ते बघत बसायचं. "चांगल्या हवेत सगळंच चालतं. वाईट हवेत काय चालतं ते सांग," हे त्याचं ठरलेलं वाक्य. निवृत्त होईपर्यंत ते त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की लॅबमधले लोक त्याची नक्कल करायचे.

रायफलची गरज पडली ती गेल्या नोव्हेंबरमुळे. लॅबमधला डेल त्याला दर वर्षी मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलात, आपल्या केबिनवर, हरणाच्या शिकारीला नेत असे. बारा वर्षं हा नेम चालला. गेल्या वर्षी तीन दिवस बर्फाळ पाऊस लागला, डेलच्या जुन्या बंदुकीचा अक्रोडी दस्ता पाणी पिऊन फुगला, नळीला टेकला, आणि प्रतापची गोळी वीतभर बाजूला गेली. हरीण पाय ओढत झाडीत शिरलं. दोघांनी दिवस मावळेपर्यंत पानांवरचे लाल ठिपके शोधले, मग ठिपकेही संपले. हे प्रतापला फार लागलं. त्याची बायको पद्मिनी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि ती गेली तीही अशीच, हळूहळू, सहा महिने घेऊन.

या वर्षी डेल गुडघे बदलून घेऊन ॲरिझोनात लेकीकडे राहायला गेला. केबिनची किल्ली हातात ठेवत म्हणाला, "तू जा. फक्त माझी ती बंदूक नेऊ नकोस."

मग प्रतापने तक्ता मांडला. लाकडी दस्ता बाद, कारण लाकूड पाणी पितं. साधं पोलाद बाद, कारण ते गंजतं. नळी स्टेनलेसची, दस्ता फायबरचा. खरा घोळ कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या मापाचा. टू-सेव्हंटीची गोळी लांबवर सरळ जाते, पण दाट झाडीत लांबचं दिसतंय कुणाला? थर्टी-ओ-सिक्स दणकट, पण खांद्याला लाथ मारते आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, लांब ओढावा लागतो. थ्री-ओ-एट थोडी आखूड, थोडी नरम, पण तिची काडतुसं आडगावच्या पेट्रोल पंपावरही मिळतात. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला त्याने हे सगळं संग्रामला ऐकवलं. संग्राम त्याचा जुना मित्र. तो फराळाची बशी हातात घेऊन ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "यार प्रताप, बंदूक घेतोयस की पत्रिका जुळवतोयस?"

दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने जाड हातमोजे पुढे केले. "हे घाल आणि बोल्ट ओढून बघ. बोटं बधिर झाल्यावर जी चालेल ती तुझी." थ्री-ओ-एट चालली. वर, मागे, पुढे, खाली. चार आवाज, चारही स्वच्छ. रूपाला ती राखाडी, बेढब होती. प्रतापला ती बघताक्षणी आवडली.

रविवारी इलाचा फोन आला. ती त्याची एकुलती एक मुलगी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोत सॉफ्टवेअरमध्ये. आईच्या चौदाव्यानंतर गेली ती मिशिगनला परतलीच नव्हती. त्या घरात पाऊल ठेववत नाही म्हणायची, आणि तो तिला ये म्हणायचा नाही. दर रविवारी दहा मिनिटं बोलणं, त्यातली पाच हवामानावर.

"बाबा, एकटा जाणार तू? सीरियसली?"

"डेल नाही यंदा. आणि मला एकट्याची सवय आहे."

"आय नो. दॅट्स द प्रॉब्लेम." ती म्हणाली. "ऐक, मी येते तिथे. शनिवारी. घरी नाही, केबिनवर. एक रात्र राहू, आणि मग तू माझ्याबरोबर क्युपर्टिनोला चल. ॲटलीस्ट हा विंटर."

प्रतापने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उगाच दोन फेऱ्या मारल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी येणार होतं.

२

मंगळवारी पहाटे निघून दुपारी तो केबिनवर पोचला. एकच खोली. मधे टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, दाराशेजारी बंदूक टांगायच्या दोन खुंट्या. पुढे बिनछपराचा लाकडी ओटा. ओट्यासमोर दीडशे पावलांचं मोकळं रान, आणि त्याच्या टोकाला दोन उंच झाडांमधून आत येणारी वाट. जवळचं शेजारघर अकरा मैलांवर. फोनला रेंज हवी तर मागची टेकडी चढायची.

त्याने निशाण लावून रायफल तपासली. तीन गोळ्या, तिन्ही रुपयाएवढ्या जागेत. मग ओट्यावरच पायरीवर बसून डबा उघडला. चपाती, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. हवा थंड आणि इतकी स्तब्ध की स्वतःचं चावणं कानात ऐकू येत होतं.

तेव्हा त्याला तो नारिंगी रंग दिसला. रानाच्या पलीकडे, झाडांच्या कडेकडेने कुणीतरी चाललं होतं. शिकारीचा हंगाम शनिवारी सुरू होणार, लोक आधी येऊन जागा बघून ठेवतात, आणि अंगात नारिंगी हवंच असा नियमच आहे. यात विशेष काही नव्हतं. प्रतापने घास हातात तसाच धरून दुसरा हात वर केला आणि तोंडातून आपोआप निघालं, "या जेवायला!"

मग त्याचं त्यालाच हसू आलं. मिशिगनच्या जंगलात, कुणा गोऱ्या शिकाऱ्याला, तेही मराठीत! पण सवय ती सवय. कागलला त्यांच्या घराच्या कट्ट्यावर बसून जेवताना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ही हाक मारायची, आणि जाणाऱ्याने न थांबता म्हणायचं, "चालू द्या, चालू द्या." बोलावणारा मनापासून बोलावतो, पण येत कुणी नाही. आलंच तर घरातल्या बाईची पंचाईत.

तो माणूस मात्र थांबला. 'चालू द्या' म्हणायला थांबावं तसा नाही. वळून, त्याच्याकडे तोंड करून, उभाच राहिला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. प्रतापने पुन्हा हात हलवला, उत्तर आलं नाही. दुर्बिणीतून बघावं असं वाटलं, पण दुर्बीण बंदुकीवर होती, आणि बंदुकीच्या दुर्बिणीतून माणसाकडे बघायचं नसतं. त्याने मान खाली घालून जेवण उरकलं. डब्याचं झाकण लावून वर बघितलं तर तिथे कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्याने चाचणी मांडली. काडतुसं काढून गाडीत ठेवली. रायफलवर दोन तांबे पाणी ओतलं, ओट्याच्या कठड्यावर दोन दुबेळक्या लाकडांवर ती आडवी ठेवली, नळी जंगलाकडे. रात्रभर गोठू दे. सकाळी बोल्ट चालला तर पास.

३

बुधवारी सकाळी पारा शून्याखाली नऊ होता. ओटा, कठडा, पायऱ्या, सगळं दहिवराने पांढरं पडलं होतं. रायफलही पांढरी, नळीपासून दस्त्यापर्यंत. दोन जागा सोडून.

दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथे तळहाताएवढा भाग कोरडा, राखाडी. आणि चापामागे जिथे मूठ बसते तिथे चार बोटांच्या रुंदीचा पट्टा, तोही कोरडा.

प्रताप वाकून बघत राहिला. मग त्याच्यातला लॅबवाला जागा झाला. काल दिवसभर त्याच जागी आपला गाल आणि आपली मूठ होती. घामाचं तेल फायबरला चिकटलं असणार, तेलावर दहिवर धरत नाही. सरळ गोष्ट आहे. त्याने हातमोजा काढून त्या कोरड्या जागेवर बोट ठेवलं.

जागा उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा ठेवला तेव्हा ऊब नव्हती, नुसता गार फायबर. म्हणजे आपलंच बोट गार होतं, म्हणून तसं वाटलं, असं त्याने ठरवलं. गारठलेल्या बोटांना काहीही वाटतं. बोल्ट त्याने हातमोजा घालून ओढला. वर, मागे, पुढे, खाली, लोण्यासारखा. वहीत लिहिलं, पास. खाली दुसरी ओळ लिहायला पेन टेकवलं, आणि लिहायचं काय ते न सुचून वही मिटली.

४

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा लॅबचा पहिला नियम. बुधवारी संध्याकाळी त्याने दस्ता साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, तेलाचा थेंब ठेवला नाही. वर पाणी ओतून रायफल पुन्हा कठड्यावर ठेवली. नळी जंगलाकडे आहे हे दोनदा पाहिलं, आणि आत येऊन कडी लावली.

गुरुवारी सकाळी दहिवर आणखी जाड होतं. गालाची जागा कोरडीच होती. पण दस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. तो उजव्या हाताने चाप ओढणारा. त्याचा उजवा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूवर टेकतो. कोरडी जागा उजव्या बाजूवर होती. तिथे गाल टेकायचा तर माणूस डावखुरा हवा. तेल नाही, घाम नाही, आपण नाही. सगळी कारणं एका फटक्यात संपली.

आणि नळी जंगलाकडे नव्हती. ती वळून समोरच्या वाटेवर रोखली गेली होती. बरोबर त्या दोन झाडांच्या मधोमध, जिथून शनिवारी इला चालत येणार होती.

प्रतापने रायफल आत आणली, खुंट्यांवर टांगली, बोल्ट काढून जॅकेटच्या आतल्या खिशात घातला आणि चेन ओढली. बोल्टविना बंदूक म्हणजे नुसता पाइप. मग जवळजवळ धावतच तो टेकडी चढला. इलाला सांगायचं, इथे येऊ नकोस, गावातल्या मोटेलवर भेटू. त्याने वाक्य घोटून ठेवलं होतं.

"बाबा!" पहिल्याच रिंगला तिने उचललं. "आय वॉज जस्ट थिंकिंग अबाउट यू. माझी बॅग पॅक झाली. ऑरेंज जॅकेट पण घेतलं, नवीन. आणि गेस व्हॉट, मी पिठलं शिकले. आईसारखं. तीन वेळा केलं, तिसऱ्यांदा जमलं. आपण तिथे करू या."

प्रतापने घोटलेलं वाक्य मनात पुन्हा जुळवलं.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे."

"मी येऊ ना?" आवाज एकदम लहान झाला. शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून विचारायची तसा.

नको म्हणायला कारण काय द्यायचं? दस्त्यावर दहिवर धरत नाही? लोक हसतील, आणि ती हसणार नाही, ती डॉक्टरची अपॉइंटमेंट घेईल. पण खरं कारण ते नव्हतंच. त्याला ती हवी होती.

"ये," तो म्हणाला. "जॅकेट घालून ये. काढू नकोस."

५

शुक्रवारी बाहेर बर्फाचे खडे पडायला लागले. ज्वारीएवढे, कडक, ओट्यावर तडतडत. त्याने दार लावून घेतलं. रायफल खुंटीवर, बोल्ट खिशात. खिसा तो दर थोड्या वेळाने चाचपत होता.

दुपारी शेगडीवर भात ठेवला आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. वर. मागे. पुढे. खाली. चारही स्वच्छ.

त्याने खुंटीकडे पाहिलं. रायफल तिथेच. खिशावर हात दाबला. बोल्ट तिथेच. बाहेर पुन्हा तेच चार आवाज झाले, जरा सावकाश, कुणी नवी वस्तू हाताळून बघावी तसे.

"कोण आहे?" त्याने मराठीत विचारलं. मग इंग्रजीत. बाहेर फक्त खडे तडतडत राहिले.

भीती वाटली हे खरं. पण आवाज थांबल्यावर जी शांतता पसरली ती भीतीपेक्षा वाईट निघाली. ही त्याच्या ओळखीची होती. ट्रॉयच्या घरात दोन वर्षं तो हीच ऐकत जेवत होता. फ्रिज सुरू होतो, बंद होतो, ताटात चमचा वाजतो. भात शिजला, त्याने एक ताट वाढलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि त्याच्या मनात आलं की बाहेर जे कुणी आहे ते निदान आपण बोलावलं म्हणून तरी आलं आहे. इतक्या वर्षांत त्याचं बोलावणं खरं मानणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

या वेळी सवय नव्हती. या वेळी त्याने ठरवून, दाराकडे बघून म्हटलं, "या. आत या."

दार उघडलं नाही. समोरची खुर्ची मात्र करकरली, माणूस टेकल्यावर लाकूड करकरतं तेवढीच.

आणि प्रताप बोलायला लागला. थांबताच येईना. पद्मिनीचं आजारपण, तिच्या शेवटच्या दिवसांत ती आपल्याला 'घरी जाऊ या' म्हणायची आणि आपण 'उद्या' म्हणायचो ते, गेल्या वर्षीचं ते हरीण, सगळं. कुणाला न सांगितलेलं. दिवस कलेपर्यंत तो बोलत राहिला आणि खुर्ची अधूनमधून करकरत राहिली. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं त्याला. छातीवरचं ओझं कुणी हाताने उचलावं इतकं बरं वाटलं.

"उद्या माझी मुलगी येतेय," शेवटी तो म्हणाला. "मला घेऊन जाणार आहे. इथे पुन्हा येणं होईलसं वाटत नाही."

खुर्चीचा आवाज थांबला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती वाजली नाही. प्रताप बसून वाट बघत राहिला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात हळूहळू आलं.

६

शनिवारी तो शिकारीला गेला नाही. सकाळपासून दारासमोर खुर्ची टाकून रायफलकडे बघत बसला. बर्फाचे खडे थांबले नव्हते. दोनच्या सुमाराला लांबून गाडीचा आवाज आला आणि तो खिडकीशी गेला, फक्त खिडकीशी, चार पावलं. वाटेच्या तोंडाशी गाडी थांबली होती. बर्फ साचला म्हणून आत घातली नसावी. दार उघडून नारिंगी जॅकेट उतरलं.

त्याने वळून पाहिलं. खुंट्या रिकाम्या होत्या.

ओट्यावर वर, मागे, पुढे, खाली.

हात आपसूक खिशात गेला. बोल्ट होता. त्याने तो मुठीत आवळला, गार, वजनदार, खरा. बोल्ट इथे आहे. काडतुसं गाडीत आहेत. ती बंदूक उडू शकत नाही. कुठल्याही लॅबमध्ये, कुठल्याही कागदावर त्याने डोळे मिटून सही केली असती. पण सव्वीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. 'अजून झालं नाही' आणि 'होणारच नाही' यांत फरक असतो, आणि तो फरक काढायला नमुना मोडावा लागतो. समोरून चालत येणारा नमुना एकच होता, आणि तिचं नाव त्याने ठेवलं होतं.

तो दार ढकलून बाहेर पडला. रायफल कठड्यावर होती, वाटेवर रोखलेली. तिच्याकडे न बघता तो पायऱ्या उतरला आणि हात पसरून नळीसमोर, रानात उभा राहिला.

"बाबा!" इला हसत होती. हातात कापडी पिशवी. "स्नो बघ ना, यार! शूज पूर्ण भिजले."

"तिथेच थांब, इला. पुढे येऊ नकोस."

"व्हॉट? बाबा, इट्स मी."

तिच्याकडे धावावं, तिच्या गाडीत बसावं आणि निघून जावं. त्याने एक पाऊल टाकलं. मागे ओट्याची फळी वाजली. दुसरं टाकलं. फळी वाजली, या वेळी पायरीजवळची. तो थांबला तशी तीही थांबली. त्याने खांद्यावरून मागे पाहिलं.

कठड्यामागे खडे पडत होते, पण एका जागी ते फळीपर्यंत पोचत नव्हते. माणसाच्या उंचीवर कशावर तरी आपटून उडत होते. खांद्याची गोलाई दिसली. डावं कोपर दिसलं. आणि दस्त्यावर कलंडलेलं डोकं, झोपताना उशीवर ठेवावं तितकं अलगद. चेहऱ्याच्या जागी एक खडा आपटला, गालावरून ओघळावा तसा खाली घसरला, आणि प्रतापने मान फिरवली.

"बाबा, आर यू ओके?" इला भरभर येऊ लागली. "यू लुक सिक. मी येते, थांब..."

खरं सांगितलं तर ती धावत येईल. आजारी आहे म्हटलं तरी धावत येईल. काय ऐकून ती येणार नाही, ते त्याला ठाऊक होतं. बापाला ठाऊक असतंच.

"कशाला आलीस?" तो ओरडला. "तुझी आई सहा महिने झिजत होती तेव्हा किती वेळा आलीस? आता पिठलं करायला येतेस? मला तुझं काही नको. तू नको. परत जा!"

ती थांबली. खडे तिच्या जॅकेटवर तडतडत होते. प्रतापला वाटलं आता ती भांडेल, भांडायला हवं होतं तिने. पण तिने फक्त मान हलवली, कधीपासून माहीत असलेली गोष्ट आज कुणीतरी बोलून दाखवली तशी. पिशवी तिने हळूच बर्फावर ठेवली.

"ओके," ती म्हणाली. "ओके, बाबा."

ती वळली. तो नळी आणि तिच्या पाठीच्या मधे, हात पसरून, तिच्या गाडीचं दार लागेपर्यंत उभा राहिला.

७

मागे वळला तेव्हा कठडा रिकामा होता. आत रायफल खुंट्यांवर होती, कोरडी, गार. दस्त्याला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहिला. कुठे ऊब नाही. ओट्यावर सगळीकडे खडे सारखे पसरले होते. खुर्च्या जागच्या जागी होत्या.

प्रताप खाली बसला. चार दिवस एकटा, धड झोप नाही, दोन वर्षांचं साचलेलं, आणि बर्फात वाऱ्याने केलेला काहीतरी खेळ. एवढ्यावर मी माझ्या पोरीला हाकललं. तिची आई काढून हाकललं. त्याला स्वतःची किळस आली. मग तो उठला. अजून उशीर झाला नव्हता. ती कच्च्या रस्त्याने सावकाशच जाईल, तिला गाठायचं, पाया पडायचं, काय वाटेल ते करायचं, पण गाठायचं. बंदूक तिथेच सोडून, दार उघडं टाकून तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. दिवे आपोआप लागले. झाडांमधून पलीकडे तिच्या गाडीचे दिवे दिसत होते, ती अजून वळत होती.

डॅशबोर्डवर शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा दिवा ‘ऑफ’ दाखवत होता. रिकाम्या सीटला तो ऑफच असतो. किराण्याची पिशवी ठेवली, बॅग ठेवली, तरी तो ऑफच राहतो. हे सेन्सर त्याच्याच लॅबच्या शेजारच्या खोलीत तपासले जात, आणि त्यांना किती वजन लागतं ते त्याला तोंडपाठ होतं.

गाडी उजव्या बाजूला किंचित दबली. दिवा ‘ऑन’ झाला. मग पट्टा लावा म्हणून घंटी वाजू लागली, मंजूळ, न थकता.

प्रतापने शेजारी पाहिलं नाही. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून तो समोर बघत राहिला. झाडांपलीकडे इलाच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. तिने याच्या गाडीचे दिवे पाहिले असणार. ती थांबली होती, बाबा मागून येतोय म्हणून.

घंटी वाजत होती. तिथपर्यंत जायला दोन मिनिटंही लागली नसती. तो गेला तर शेजारचंही बरोबर जाणार, आणि ती काच खाली करून त्याच्याकडे बघणार, रडणार, आणि मग वाकून शेजारच्या सीटवर कोण आहे ते बघणार.

त्याने इंजिन बंद केलं. दिवे तरीही थोडा वेळ जळत राहिले, म्हणून तेही हाताने विझवले. लाल दिवे पाच मिनिटं तिथेच होते. त्यातलं प्रत्येक मिनिट तो मोजत होता, आणि जा बाळा, जा, असं पुटपुटत होता. मग ते हलले आणि झाडांआड गेले.